फळीखालचा दिवा

सातारा
१७ नोव्हेंबर १९४६, रविवार

सांगलीहून ह्यांचं पत्र. जोतं पुरं झालं, भिंती कमरेएवढ्या आल्या. सोबत घराचा नकाशा, ह्यांच्या कारखान्यातल्या कागदावर, कारखान्यातल्याच नेटक्या अक्षरात. दोन खोल्या, पडवी, स्वयंपाकघर. वीज घेणार. प्रत्येक खोलीत छताच्या मध्यावर एकेक गोल काढलाय, तो दिवा. खाली लिहिलंय, "स्वयंपाकघर तुमचं दोघींचं. काय हवं नको ते आताच कळवा, मागाहून भिंती फोडणं नको."

वन्संना वाचून दाखवलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "दिवा छताच्या मध्यावर? चूल भिंतीशी. मग मी चुलीकडे तोंड करून बसले की उजेड माझ्या पाठीवर. माझीच सावली माझ्या परातीत."

ह्यांच्यासारख्या नकाशे काढणाऱ्या माणसाला हे सुचू नये!

आणि नकाशात ओटा उभ्यानं काम करायचा. वन्सं उभ्यानं स्वयंपाक करणार? त्या एकोणीस वर्षांच्या असताना पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आल्या, तेव्हापासून ही चूल त्यांचीच. आई गेल्यावर धाकट्या भावाला ह्याच चुलीवर वाढवलं. मी लग्न होऊन आले चार वर्षांपूर्वी, तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "तू वरकाम कर. चूल माझी." मला तेव्हा राग आला होता. आता नाही येत.

३ डिसेंबर, मंगळवार

कळवलं: ओटा बुटका, वीतभर उंच, बसून करता येईल असा. भिंतीला फळी, डबे ठेवायला. दिवा त्या फळीच्या खाली. म्हणजे सावली मागे पडेल.

उत्तर आलं. "फळीखाली दिवा मी कुठे पाहिला नाही. विचार करतो." हे 'विचार करतो' म्हणाले की एक महिना.

१९ डिसेंबर, गुरुवार

थंडी कडक. रॉकेल अजून मिळालं नाही, चिमणी एकच जाळतो.

वन्सं तांदूळ निवडायला हल्ली दारात बसतात. थंडीचं ऊन म्हणून, असं त्या म्हणतात. मीही तेच समजत होते. आज पाहिलं, ऊन सरकलं तशी परात सरकवत सरकवत अंगणाच्या टोकाला गेल्या.

९ जानेवारी १९४७, गुरुवार

वन्सं हलवा करायला बसल्या. साखर दोन महिने वाचवलेली. ह्या गल्लीत त्यांच्यासारखा काटा कुणाच्या हलव्याला येत नाही. शेगडीवर परात, तिळावर चमचाभर पाक, बोटांनी हलवत राहायचं. परत चमचाभर. तासन् तास.

१२ जानेवारी, रविवार

हलवा बिघडला. पाक जास्त पडत गेला, गोळे झाले, रंग पिवळा. वन्सं म्हणाल्या, "यंदा थंडीच नाही. थंडी नसली की काटा येत नाही."

सकाळी गार पाण्यात हात घालवत नव्हता.

त्या परात घेऊन मागच्या दारी गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी गेले तर गोळे फोडत होत्या आणि बोटांनी चाचपत होत्या, एखादा तरी दाणा नीट झालाय का.

केव्हापासून दिसत नाही यांना? एक वर्ष? दोन? आणि मी ह्याच घरात.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळाच्या वड्या केल्या. शेजारणी विचारत होत्या, यंदा हलवा नाही? मी म्हटलं, माझ्या हातून साखर सांडली. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तोंड माझ्याकडे केलं.

२० जानेवारी, सोमवार

हे दोन दिवस आलेत. काल परसात ह्यांना सांगितलं, तुमच्या अक्कांना दिसत नाही नीट. ह्यांनी डोळे पुसले. पुरुषमाणूस रडलं की मला काय करावं कळत नाही.

आज जेवताना मायेनंच म्हणाले, पण मोठ्यानं म्हणाले. "अक्का, सांगलीला गेलं की तू चुलीपाशी बसायचं नाही. पुष्कळ केलंस. आता जप कर, पडवीत बस. इंदू बघेल सगळं."

वन्सं वाढत होत्या. "बरं," म्हणाल्या. आणि ह्यांना आमटी वाढली, नेमकी वाटीत, थेंब बाहेर नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

हे गेले सांगलीला. वन्सं उंब्रजला जाते म्हणाल्या, सासरच्या पुतण्याकडे. तिथे बारसं आहे. ट्रंक भरली. बारशाला कुणी थंडीची गोधडी आणि आपली विळी घेऊन जातं का?

"परत कधी येणार?" मी विचारलं.

"तुम्ही घर लावून घ्या. माझं काय, बसूनच खायचं ना? ते कुठेही बसून होतं."

मोटारीत बसवून आले. मी सांगायलाच नको होतं. नाही, सांगायला हवंच होतं. पण वन्संना आधी सांगायला हवं होतं.

२७ जानेवारी, सोमवार

घरात एकटी. आज दुपारी एक वेडेपणा केला. दारं लावून घेतली, म्हणजे अंधार. दूध गाळायचं फडकं दुहेरी करून डोळ्यांवर बांधलं आणि वन्संच्या पाटावर बसले. समोर खिळ्याला कंदील, नेहमीसारखा.

काही दिसेना. कंदिलाचाच एक मोठा पांढरा डाग आणि बाकी सगळं धुकं. उजेड जास्त केला तर डाग मोठा, हात अजिबात दिसेनात. तापल्या तव्याला बोट लागलं.

मग कंदील वर टांगला आणि त्याच्यापुढे दुसरा पाट आडवा बांधला, म्हणजे ज्योत डोळ्यांना दिसू नये. परत बसले. आता हात दिसले. परातीचा काठ दिसला. पीठ वेगळं, पाणी वेगळं कळलं.

म्हणजे फळीखाली दिवा एवढंच पुरत नाही. दिव्यापुढे आडोसा हवा. उजेड हातांवर पडावा, डोळ्यांत नाही.

संध्याकाळपर्यंत तीनदा बांधून पाहिलं. ह्यांचा फूटपट्टीचा तुकडा सापडला. बसल्यावर डोळे जमिनीपासून किती, हात किती, पाट किती, सगळं लिहून काढलं. पण ही मापं माझी. वन्सं माझ्याहून ठेंगण्या.

२ फेब्रुवारी, रविवार. उंब्रज

सकाळच्या मोटारीनं आले. पुतण्याची बायको चांगली आहे, पण वन्संना माजघरात कोपऱ्यात बसवून ठेवलंय, हातात जपमाळ. स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही, "आवं काकी, तुमी बसा, पडशिला." तिचं चुकत नाही. वन्सं माझा आवाज ऐकून उठल्या आणि पुन्हा बसल्या.

मी टेप काढली. "जरा ताठ बसा बघू."

"काय करतेस?"

"उंची घेतेय. बसल्याची."

"उंची तिरडीला घेतात, ती निजल्याची. बसल्याची कशाला लागते?"

"फळीला लागते."

मग नकाशा काढला पिशवीतून. आणि हातात धरूनच राहिले. त्यांना कागद दाखवून काय उपयोग, हे मोटारीत सुचलं नाही. पुतणसुनेकडून रांगोळी मागितली, ताट घेतलं, आणि ताटात रांगोळीच्या जाड रेघांनी स्वयंपाकघर काढलं. त्यांचं बोट धरून फिरवलं. हे दार. ही खिडकी. हा ओटा, इथे चूल, इथे शेगडी. ही फळी. आणि हिच्याखाली, ह्या डाव्या टोकाला, दिवा.

बोट थांबलं. "डाव्या टोकाला का?"

"म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडणार नाही."

"आणि माझ्या डाव्या हाताची?"

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"अगं, मी डावखुरी आहे. लहानपणी आईनं हातावर पळी मारून मारून वाढायला, जेवायला उजवा शिकवला. पण लाटणं, हलवणं, निवडणं सगळं डाव्यानं. चार वर्षं समोर बसतेस ना माझ्या?"

चार वर्षं समोर बसले आणि पाहिलं नाही. दिसत कुणाला नाही, त्यांना की मला?

दिवा पुसून उजव्या टोकाला काढला.

मग त्या स्वतःच म्हणाल्या, हळू, माजघरात दुसरं कुणी नव्हतं. "दिसत नाही असं नाही ग. दुधातून पाहिल्यासारखं दिसतं."

"ठाऊक आहे. मी फडकं बांधून पाहिलं."

"कसलं फडकं?"

सांगितलं. मग माझा हात ओढून घेतला आणि बोटं एकेक चाचपली. भाजलेल्या बोटाशी थांबल्या. "वेडी कुठली. ह्याला तूप लावलंस का?"

३ फेब्रुवारी, सोमवार. परतीची मोटार

ट्रंक, गोधडी, विळी आणि वन्सं, सगळं बरोबर. एकच अट घातली. "चूल माझी. आणि डॉक्टराचं नाव काढायचं नाही." होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

ह्यांना पत्र टाकलं, मापांसकट. शेवटी लिहिलं, अक्कांना आराम नको आहे. तुम्ही दिलात तर तो त्यांना शिक्षेसारखा लागतो. असं ह्यांना पूर्वी कधी लिहिलं नव्हतं.

सांगली
१६ फेब्रुवारी, रविवार

आलो. घराला चुन्याचा वास. भोवती सगळे मोकळे प्लॉट, मिरजेच्या रस्त्यावरून टांगे जाताना दिसतात.

ह्यांनी माझ्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. पण फळी लावून ठेवली होती, मी कळवलेल्या मापानं, इंचाला इंच. वन्संचा हात धरून फळीवर ठेवला आणि म्हणाले, "अक्का, बघ, हाताला येते का?" वन्संनी फळी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. "येते," म्हणाल्या. दोघंही माझ्याकडे पाठ करून उभे होते, ते बरंच झालं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वायरमन आला. शंकर नाव, औंधकडचा. लढाईत फौजेत होता, तिथेच वायरिंग शिकला. फळीखाली दिवा म्हटल्यावर हसला. "वैनी, दिवा वर असतो. हितं खाली कुटं?" मी कंदील, पाट, सगळं सांगितलं, फडक्याचंसुद्धा. त्याचं हसणं गेलं.

"आसं व्हय? मग आमी तंबूत लावत हुतो तसंच की. म्याप बघायला. म्यापवर उजेड पायजे, पर सायबाच्या डोळ्यावर न्हाई आन् बाहीर तर अजाबात न्हाई. पत्र्याची टोपी करायची, आतनं पांढरा रंग." आणि तुपाच्या रिकाम्या डब्यावर नजर टाकून, "ह्यो डबा द्या."

डबा दिला. कात्रीनं कापून, वाकवून, अर्धा तास. त्याला भिंतीवर लाकडी पट्टीतून वायर आणायची, काळं बटण फळीच्या बाजूला. वन्सं म्हणाल्या, बटण डाव्या हाताला. मी म्हटलं, ओल्या हातानं लावायचं नाही. शंकर म्हणाला, "आक्का, ही गोष्ट मातुर देवाच्या आणंवर लक्षात ठिवा." त्यांनी पदराला हात पुसून दाखवला.

कनेक्शन अजून नाही. वाट बघणं.

१ मार्च, शनिवार

काल वीज आली. संध्याकाळी दिवा लावला, हे कारखान्यातून आल्यावर, तिघं समोर. पिवळा स्वच्छ चौकोन ओट्यावर. वन्संनी त्यात दोन्ही हात नेले आणि बाहेर काढले. परत नेले. पाण्यात हात घालून पाहावं तसे.

आज सकाळी घोटाळा. फोडणीत भाजी घातली, पाण्याचा शिंतोडा उडाला, दिव्याच्या तापलेल्या गोळ्यावर. फट्. काचा. वन्संच्या मांडीवर, पिठात, सगळीकडे. लागलं नाही, देवाची कृपा. पण मी किंचाळले, आणि हे अंगाला साबण तसाच ठेवून धावत आले.

"काढून टाका तो दिवा! मी म्हणत होतो ना."

वन्सं शांतपणे पदर झटकत होत्या. "दत्तू, चुलीनं हात भाजला तर चूल काढतात का?"

कणीक फेकली. सकाळचा स्वयंपाक परत. हे जेवले आणि कामाला गेले.

४ मार्च, मंगळवार

शंकर आला. ह्यांनीच निरोप धाडला होता, मला ठाऊकही नव्हतं. दिवा चुलीपासून हातभर लांब सरकवला, टोपी खोल केली, तळाशी बारीक जाळी. जाळीची सावली पडते थोडी. वन्संनी पाहून, म्हणजे हात फिरवून, म्हटलं, "चालेल. चाळणीतून ऊन आल्यासारखं आहे."

शंकरला त्यांनी पोळी आणि गूळ दिला. तो म्हणाला, "आक्का, फौजंतनं आल्यावर एवढी मऊ पोळी पयल्यांदा खाल्ली."

९ मार्च, रविवार

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

संध्याकाळी वन्सं कोथिंबीर निवडत होत्या दिव्याखाली. मी समोर. हात थांबले. डावा हात उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. अगदी टोपीजवळ नेला.

"इंदू, हे माझे हात इतके म्हातारे कधी झाले ग?"

शिरा, डाग, भाजल्याचे जुने वळ. मला रोजचे. त्यांनी किती दिवसांनी पाहिले, कोण जाणे.

मग म्हणाल्या, "दत्तूच्या कानाजवळ पांढरे झालेत का?"

"थोडे."

"आणि तू? तू आलीस तेव्हा गालावर खळी पडायची. आहे का अजून?"

मला हसता येईना, म्हणून खळी आहे की नाही ते कळलं नाही. त्या कोथिंबीर निवडू लागल्या. जुडी संपवली. मग, "मिरजेला डोळ्यांचे डॉक्टर आहेत म्हणतात."

मी अट मोडली नाही. त्यांनीच मोडली.

१४ मार्च, शुक्रवार

मिरज. हे रजा घेऊन आले. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. मोतीबिंदू. उजवा पिकलाय, त्याचं ऑपरेशन करता येईल. डावा अजून नाही. उजव्याच्या मागचं काही आत्ता दिसत नाही, तेव्हा किती नजर येईल ते सांगता येत नाही. "येईल, थोडी येईल, कदाचित येणारही नाही." खोटा धीर दिला नाही, ते वन्संना आवडलं. टांग्यात म्हणाल्या, "माणूस सरळ आहे. ह्याच्याकडूनच करू."

मला मात्र त्या 'कदाचित'ची भीती वाटते. आहे तेवढंही गेलं तर? दिव्याखाली निदान हात तरी दिसतात.

ह्यांनाही तेच वाटतंय. आम्ही एकमेकांना सांगितलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

वन्संनी मला त्यांच्या पाटावर बसवलं. पंधरा दिवस तरी चूल माझ्याकडे. "पीठ ह्या डब्यात, हिंग मागे, तांदळाचा पत्र्याचा डबा उघडताना गुडघ्यात धर." सगळं सांगितलं, जसं चार वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मी लाटायला घेतलं, तर दिवा उजवीकडे, माझ्या उजव्या हाताची सावली नेमकी पोळीवर.

"हलवायचा का दिवा?" त्यांनी विचारलं. कसं कळलं कोण जाणे. लाटणं थांबलं म्हणून असेल.

"नको. तुमच्यासाठी लावलाय."

पोळी वाकडीच झाली. त्यांनी खाल्ली.

मिरज
२१ मार्च, शुक्रवार

काल सकाळी झालं. नीट झालं म्हणतात. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचंही नाही. वन्संना हसू नका म्हटल्यावर हमखास हसू येतं, ते मी दोनदा हात दाबून थांबवलं.

मी त्यांच्याजवळ, हे कारखाना करून संध्याकाळी टांग्यानं येतात. आज येताना स्वतः केलेला भात आणला डब्यात. खाली लागलेला. वन्सं निजूनच वासावर म्हणाल्या, "दत्तू, पाणी कमी घातलंस." हे एवढे खूष झाले की मला बाहेर जावं लागलं.

२३ मार्च, रविवार

पट्टी बुधवारी सोडणार. आधी थोडा वेळ, खोलीत अंधार करून.

आज दुपारी मला वाटलं वन्सं झोपल्यात. एकदम म्हणाल्या, "बुधवारी समोर कोण असणार?"

"हे असतील. रजा मागितलीय."

"आणि तू?"

"मी मागे उभी राहीन. गर्दी नको म्हणतात."

"मागे नको." हात उचलून माझं मनगट शोधलं आणि धरलं. "दोघं शेजारी शेजारी उभे राहा. मला शोधत बसायला लावू नका."